नॅनो कण हुंगला की थेट फुफ्फुसात? तसं नसतं हो

"नॅनोपार्टिकल इतके बारीक असतात की नुसता श्वास घेतला की जीनचं औषध थेट फुफ्फुसाच्या तळाशी" हे किती वर्षं फिरतंय देव जाणे. ऐकायला पटतं पण गणित वेगळंच आहे.

औषध भरलेला लिपिडचा (चरबीसारख्या पदार्थाचा) कण असतो साधारण 100 नॅनोमीटरचा, पण तो सुटा उडत जात नाही, नेब्युलायझरच्या (औषधाचं धुकं करणाऱ्या यंत्राच्या) धुक्यातल्या थेंबात बसून जातो, आणि तो थेंब लागतो साधारण 1 ते 5 मायक्रॉनचा (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर), म्हणजे कणाच्या दहा ते पन्नास पट मोठा. त्याहून मोठा झाला तर घशातच आदळतो, आणि एक मायक्रॉनच्या थोडा खाली गेला तर बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर!

बरं, धुकं करतानाच अर्धी वाट लागते. यंत्रातली बारीक जाळी थरथरते, कण ओढले जातात, फुटतात, एकमेकांना चिकटतात, आतला एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू, म्हणजेच ते औषध) गळतो. त्यातून वाचलेल्यांना पुढे चिकट कफ, आणि तो कफ श्वासनलिकेतले बारीक केस सतत वर घशाकडे ढकलत असतात, मग आपण तो नकळत गिळून टाकतो. गेलं औषध पोटात.

2015 साली ब्रिटनमधल्या चाचणीचे निकाल आले, सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटना वर्षभर दर महिन्याला लिपिडमध्ये गुंडाळलेला जीन श्वासातून दिला होता. फायदा दिसला, पण माफकच.

आणि हो, एमआरएनए डीएनए बदलत नाही, काही दिवसांत मोडून नाहीसा होतो, म्हणूनच तर डोस पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो.