पत्ता नसलेला निरोप

समजा, एक इशारा निघाला: वारा ताशी ६५ किलोमीटर, समुद्र खवळलेला, मालवण ते वेंगुर्ले किनारपट्टी. तो कोणाकोणाला हवा आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नसते. तो फक्त जाहीर करतो. ज्यांना हवा त्यांनी आधीच नोंदणी करून ठेवलेली असते आणि दोघांची गाठ मधले ब्रोकर नावाचे संगणक घालून देतात. हीच पब्लिश-सबस्क्राइब पद्धत.

विषयवार कप्पे केले की काम सोपं होतं. पण ‘हवामान’ हा कप्पा निवडला, तर मालवणच्या मच्छीमार संस्थेवर विदर्भातल्या उष्णतेच्या लाटेचेही निरोप येऊन आदळतील. म्हणून ब्रोकरने निरोप उघडून आतला मजकूर वाचायचा आणि त्यावरून वाट ठरवायची.

मजकूर साच्यात बसवलेला असेल तरच हे जमतं. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल हा साचा जगभर वापरतात. भारताची ‘सचेत’ व्यवस्थाही त्यावरच उभी आहे. त्यात निकड, तीव्रता आणि खात्री यांचे रकाने वेगवेगळे असतात. क्षेत्राची हद्द अक्षांश-रेखांशांनी आखता येते, वाऱ्याच्या वेगासारखे आकडेही जोडता येतात. तीव्रता आणि खात्री वेगळी ठेवली हे मला फार शहाणपणाचं वाटतं. वादळ भयंकर असेल, पण ते येईलच असं नसतं.

खरी गंमत नोंदण्यांच्या प्रवासात आहे. ब्रोकरांची साखळी असते. नोंदणी एका टोकाकडून पुढे सरकते आणि निरोप त्याच वाटेने उलटा येतो. पण लाखो नोंदण्या प्रत्येक ब्रोकरने का सांभाळायच्या? अँतोनियो कार्झानिगा, डेव्हिड रोझेनब्लम आणि अलेक्झांडर वुल्फ यांनी २००१ साली मांडलेल्या ‘सिएना’ रचनेत याचं सुरेख उत्तर आहे. एकाने ‘वारा ४० पेक्षा जास्त’ असं मागितलं असेल, तर दुसऱ्याची ‘वारा ६० पेक्षा जास्त’ ही मागणी त्याच्या पोटात आलीच. मग ती पुढे पाठवायचीच नाही. ६५ चा निरोप पहिलीसाठी येणारच आहे. शेवटचा ब्रोकर तो दोघांना देईल. मात्र ४० वाल्याने नोंदणी रद्द केली, की झाकली गेलेली ६० ची मागणी लगेच पुढे धाडावी लागते. हे विसरलं, तर मागणी करूनही माणूस निरोपाविना राहील.

एकाच ब्रोकरपाशी हजारो अटी जमल्या तर? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात यानलेई डियाओ, मायकल फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या ‘वायफिल्टर’ने सगळ्या अटी एकाच यंत्रात गुंफल्या. ‘इशारा, त्यातली माहिती, त्यातलं क्षेत्र’ अशी निरोपाच्या आत शिरायची वाट ज्या अटींची इथपर्यंत एक, त्यांच्यासाठी ती एकदाच चालायची. फाटा फुटेल तिथून पुढे वेगळं.

एक अडचण मात्र मुळातच आहे. वाट ठरवायला ब्रोकरने मजकूर वाचला पाहिजे. वादळाच्या इशाऱ्याचं ठीक, पण रुग्णाच्या तपासणी अहवालाचं काय? नुसत्या मागणीवरूनही माणसाचा आजार कळू शकतो. मजकूर न उघडता अट जुळवायच्या पद्धती आता आहेत. ‘अगदी एवढंच’ ही तुलना बंद पाकिटातही बरीच सोपी जाते. ‘६० पेक्षा जास्त’ ही तुलना महाग पडते: एक तर वेळ जातो, नाहीतर थोडी माहिती बाहेर झिरपते.