कोणता निक फ्युरी हवा? घेण्याआधी एवढं वाचा

‘निक फ्युरीचं कॉमिक आहे का?’ असं दुकानात कुणी विचारलं की आम्ही आधी ‘कोणता?’ असं विचारतो. सिनेमा पाहून आलेल्या मुलाच्या हाती भलताच अंक पडला तर त्याचा हिरमोड होतो, आणि जुने अंक स्वस्त नसतात. म्हणून हे पत्रक.

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक प्रकाशनाचा मूळ फ्युरी गोरा, कानशिलावर केस पिकलेला, डाव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधणारा. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो मे १९६३च्या अंकात आणला, पण गुप्तहेर म्हणून नाही. तेव्हा तो दुसऱ्या महायुद्धातल्या एका तुकडीचा सार्जंट होता. हेरकथांची लाट आली तेव्हा ऑगस्ट १९६५मध्ये ‘स्ट्रेंज टेल्स’ या कॉमिकच्या १३५व्या अंकात तोच ‘शील्ड’ या हेरसंस्थेचा प्रमुख झाला. उडतं मुख्यालय ‘हेलिकॅरियर’ आणि माणसाची हुबेहूब नक्कल करणारे यांत्रिक तोतये, दोन्ही त्याच अंकातले. महायुद्ध लढलेला माणूस म्हातारा कसा होत नाही, हा प्रश्न वाचकांना पडणारच होता. त्याचं उत्तर १९७६मध्ये आलं: वय रोखून धरणारं औषध.

सिनेमातला फ्युरी वेगळ्या मालिकेतून आला. २००२च्या ‘अल्टिमेट्स’मध्ये चित्रकार ब्रायन हिच यांनी त्याला अभिनेता सॅम्युएल जॅक्सन यांचा चेहरा दिला. पुढे २००८मध्ये ‘आयर्न मॅन’च्या शेवटी तेच जॅक्सन पडद्यावर फ्युरी म्हणून उभे राहिले. मुलाला हा फ्युरी हवा असेल तर ‘अल्टिमेट्स’ मागा. मात्र ती मालिका मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांना देण्याआधी स्वतः चाळून पाहा.

आमचं मत विचाराल तर जिम स्टेरांको यांचे अंक आधी वाचा. पूर्वी जादूचे आणि बंधनातून सुटण्याचे प्रयोग करणारा, जाहिरातीत काम केलेला हा चित्रकार १९६६च्या अखेरीस ‘स्ट्रेंज टेल्स’मधल्या फ्युरीच्या गोष्टींवर आला. सुरुवातीला तो कर्बींच्या कच्च्या आराखड्यांवर काम करी. थोड्याच अंकांत कथा, चित्रं, सगळंच त्याच्याकडे आलं. जून १९६८मध्ये फ्युरीची स्वतंत्र मालिका निघाली. तिच्या पहिल्या अंकाची सुरुवातीची तीन पानं निःशब्द आहेत: ना संवाद, ना निवेदन, नुसती हालचाल. कॉमिकमध्ये शांतता ऐकू येते, हे आम्हाला त्या पानांनी शिकवलं.

त्याआधीच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ १६७मध्ये एकच चित्र सलग चार पानांवर पसरलंय. एका अंकात समोरासमोर दोनच पानं दिसतात, त्यामुळे पूर्ण चित्र पाहायला दोन प्रती शेजारी ठेवाव्या लागतात! फोनच्या पडद्यावर त्याचा आवाका कळत नाही. संग्रह घेणार असाल तर ती चार पानं त्यात कशी छापली आहेत, हे दुकानात उघडून बघा. आम्ही आनंदाने दाखवू.

जुना सुटा अंक घेताना मुखपृष्ठावर विसंबू नका. यातल्या काही गोष्टी १९७३मध्ये ‘शील्ड’ नावाने पुन्हा छापल्या गेल्या आणि त्या प्रती मूळ अंकांपेक्षा स्वस्त असायला हव्यात. आतल्या बारीक मजकुरातलं साल वाचा. मधली पानं पिनांतून सुटलेली नाहीत ना, तेही पाहा. छापलेला महिना प्रत्यक्ष विक्रीच्या काही महिने पुढचा असे, तेवढ्यावरून अंक खोटा ठरवू नका.

हा कागद वर्तमानपत्रासारखाच, उन्हात पिवळा पडून तुकडे होणारा. पावसाळ्यात तर विशेष जपा. अंक आम्लरहित पुठ्ठ्यासह पारदर्शक पिशवीत घालून कपाटात उभा ठेवा, पण कपाट ओलसर भिंतीला टेकवू नका. फाटलं तर साधी चिकटपट्टी कधीही लावू नका, तिचा डाग निघत नाही. फाटलेला अंक तसाच घेऊन या. काय करता येईल ते आधी सांगू आणि तुमच्या होकारानंतरच हात लावू.