ट्रायकोडर्मा विकायचाय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी बघा

हरभऱ्याच्या मर रोगावर ट्रायकोडर्मा चालतो, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. बियाण्याला चोळला किंवा शेणखतात मुरवून दिला की ही बुरशी मुळांभोवती वाढते, फ्युजॅरियमसारख्या रोगट बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते आणि त्यांच्यावरच पोसते. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या ती स्वतः बनवू लागल्यात. बनवणं जमतं. विकायला परवानगी मागितली की फाईल परत येते.

आधी भीती काढून टाका. स्वतः कसत असलेल्या जमिनीत वापरण्याला कीटकनाशक कायदा, १९६८ लागू होत नाही. कलम ३८ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. पाकिटात भरून दुसऱ्याला विकायचं असेल तर मात्र नोंदणी हवीच.

इथे बरेच जण पहिल्याच पायरीवर चुकतात. ‘जैविक आहे, म्हणजे जैविक खत’ असं धरून खत परवान्याच्या मागे लागतात. मायकोरायझा ही पण जमिनीतली उपयोगी बुरशीच, पण ती पिकाला स्फुरद मिळवून देते म्हणून खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली येते. ट्रायकोडर्मा रोग आवरतो, म्हणून तो कायद्याच्या भाषेत ‘कीटकनाशक’ ठरतो. शब्द कानाला खटकतो, पण त्या व्याख्येत बुरशीनाशकंही आहेत. पाकिटावर ‘भूसुधारक’ लिहून खाली ‘मर रोगावर गुणकारी’ छापलंत तर ती पळवाट टिकत नाही.

अर्ज फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे ऑनलाइन जातो. नोंदणी मिळाली की राज्याच्या कृषी विभागाकडून कलम १३ खाली उत्पादन परवाना घ्यायचा. दुकानदाराचा परवाना वेगळा, आणि त्यात तुमचं उगम प्रमाणपत्र (माल तुमच्याकडून येतो असं तुम्ही त्याला दिलेलं पत्र) चढवून घ्यावं लागतं.

आता खरी अडचण. नोंदणी ‘ट्रायकोडर्मा’ला मिळत नाही, तुमच्या स्ट्रेनला, म्हणजे त्या बुरशीच्या तुमच्याकडच्या नेमक्या वाणाला मिळते. त्या स्ट्रेनची बुरशी मान्यताप्राप्त संग्रहात जमा केल्याचा क्रमांक लागतो. असे संग्रह चंदीगडला, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आणि उत्तर प्रदेशात मऊ इथे आहेत. ओळखीच्या कुणीतरी दिलेल्या बाटलीतून वाढवलेल्या बुरशीला असा क्रमांक नसतो, आणि तिचं मूळ कुणालाच सांगता येत नाही. गावातल्या गटाकडे हाच कागद हमखास नसतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: कृषी विद्यापीठाकडून किंवा संशोधन संस्थेकडून करार करून स्ट्रेन घ्या, आणि त्या स्ट्रेनची विषारीपणाची व परिणामकारकतेची माहिती वापरायला लेखी संमती त्याच वेळी मागून घ्या. या चाचण्या पदरच्या पैशाने करणं छोट्या गटाला झेपत नाही. मोठ्या कंपनीला आणि दहा बायकांच्या गटाला एकच मोजपट्टी लावणं मला अन्यायाचं वाटतं, पण आज नियम तसा आहे.

नावाचा घोळही इथेच होतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे ट्रायकोडर्माची ‘विरिडी’ ही जात म्हणून ओळखलेल्या कितीतरी बुरश्या डीएनए तपासणीत दुसऱ्याच जातीच्या, ‘अ‍ॅस्परेलम’ निघाल्यात. अर्जात एक नाव, प्रयोगशाळेच्या अहवालात दुसरं, असं झालं तर बाकी सगळं चोख असूनही फाईल अडते. नाव आणि क्रमांक प्रत्येक कागदावर अक्षरशः ताडून बघा.

दुसरा अडसर जिवंतपणाचा. एका ग्रॅममध्ये किमान २० लाख सीएफयू, म्हणजे वाढू शकणारे बीजाणू हवेत. हा आकडा पाकीट भरल्या दिवशीचा नव्हे. मुदत संपेपर्यंत तो टिकायला हवा. एका गटाची पाकिटं उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत होती. भरताना तपासणीच्या प्लेटवर (बुरशी वाढवून मोजायच्या बशीवर) हिरव्या वसाहतींची दाटी होती. पावसाळ्याच्या तोंडाला तीच पावडर तपासली तर प्लेट जवळजवळ रिकामी. पावडरीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर नको. शिवाय दोन वेगळ्या हवामानाच्या ठिकाणी पाकिटं ठेवून केलेल्या मोजणीची नोंद तिथल्या तापमानासकट द्यावी लागते. वेष्टनावर बारा महिने छापायचे असतील तर निदान तेवढे महिने थांबणं आलंच. हा वेळ धरूनच अर्जाची तारीख ठरवा.

कलम ९(३ब) खालची नोंदणी तात्पुरती, दोन वर्षांची असते. त्या काळात विक्री करता येते, म्हणून लोक निवांत होतात आणि मुदत संपायला दोन महिने राहिले की धावपळ सुरू होते. ही दोन वर्षं ९(३) च्या कायम नोंदणीसाठी उरलेली माहिती गोळा करायला दिलेली आहेत. शेतावरच्या चाचण्या हंगामाशी बांधलेल्या असतात. एक रब्बी हुकली की वर्ष गेलं. प्रमाणपत्र हातात पडेल त्याच आठवड्यात विद्यापीठाकडे चाचणीची मागणी नोंदवा.

अर्ज नाकारला तर कलम १० प्रमाणे केंद्र सरकारकडे अपील करता येतं. मुदत ३० दिवस, निर्णय तुम्हाला कळवला त्या तारखेपासून. म्हणून अर्जात सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका. गटातलं कुणीतरी रोज उघडून बघेल असाच द्या.