‘इतके हरलो, आता मशीन देणारच’ हा गैरसमज

लास व्हेगासच्या व्हिडिओ पोकरवाल्यांचा (मशीनवर पाच पत्त्यांचा पोकर खेळणाऱ्यांचा) हा लाडका समज. नेवाडाच्या नियमानुसार प्रत्येक पत्त्याची शक्यता खऱ्या 52 पत्त्यांच्या कॅटइतकीच असते. मागचे हात (डाव) मशीनच्या खिजगणतीत नसतात.

9/6 जॅक्स ऑर बेटर हा व्हिडिओ पोकरचा प्रकार (नाण्यामागे फुल हाउसला, म्हणजे तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते आल्यास 9, फ्लशला, म्हणजे पाचही एकाच चिन्हाचे आल्यास 6) अचूक खेळलात तर लावलेल्या पैशांवर सरासरी परतावा 99.54 टक्के. त्यातले जवळपास 2 टक्के मात्र एकट्या रॉयल फ्लशचे (एकाच चिन्हाचे दश्शी ते एक्का), आणि तो सरासरी 40,000 हातांत एकदा. तेवढे खेळूनही तो न दिसण्याची शक्यता 37 टक्के! तोवर 25 सेंटची पाच नाणी लावून तासाला 600 हात खेळणाऱ्या निष्णात खेळाडूचेही सरासरी 18 डॉलर जातातच. वैतागून नाणी कमी करू नका: पाचाहून कमी लावलीत, की रॉयलला नाण्यामागे 800 ऐवजी 250च.