विश्वस्त तर निवडून आले, मग बदल अर्ज कशाला?

सर्वसाधारण सभा झाली, नवे विश्वस्त एकमताने निवडले गेले, पेढेही वाटून झाले. तरी बँक सांगते, ‘शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावे चढवून आणा.’ महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत संस्थांच्या सचिवांना हा अनुभव नवा नाही. ही नावे चढवण्यासाठी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजेच चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. तो कुठून आला हे कळले की त्यातली किचकट कागदपत्रे निदान समजतात.

१८६० चा संस्था नोंदणी अधिनियम याबाबत अगदी साधा होता. वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी निबंधकाकडे द्यायची, एवढेच. नोटीस सगळ्यांना पोचली होती का, गणपूर्ती झाली का, हे त्या यादीवरून कुणी तपासत नसे.

त्या काळी संस्था आपली शिस्त आपणच घालून घेत. पुणे सार्वजनिक सभेचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पुण्यातल्या पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयीच्या नाराजीतून १८७० मध्ये ही सभा उभी राहिली. सभासद व्हायचे तर किमान ५० जणांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीचे ९५ प्रतिनिधी सुमारे ६,००० लोकांच्या वतीने बसले होते. पुढे १८९५ मध्ये टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी निवडणुकीत सभेचे व्यवस्थापक मंडळ जिंकले. गोखले चिटणीसपदावरून बाजूला झाले आणि १८९६ मध्ये रानड्यांनी डेक्कन सभा काढली. नवे सभासद मंडळावर आले की संस्थेची दिशाच पालटते, हे पुण्याने तेव्हा पाहिले. तिथे हरलेल्या बाजूने वेगळी संस्था काढली. सगळीकडे असे होत नाही. एकाच संस्थेची दोन मंडळे, दोन शिक्के आणि दोन इतिवृत्त पुस्तके तयार होतात.

देवस्थानांचा प्रश्न याहून अवघड होता. १८६३ च्या कायद्याने सरकारने त्यांच्या कारभारातून अंग काढून घेतले. गैरकारभाराची तक्रार असेल, तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली दावा लावायचा, आणि तोही अॅडव्होकेट जनरलच्या लेखी संमतीने. गावातल्या भक्ताला हे परवडणारे नव्हतेच. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात न्यासांच्या, म्हणजे ट्रस्टच्या, नोंदणीचा कायदा झाला आणि १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला. आज त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा या कायद्याने उभी केली. १८६० च्या कायद्याखालच्या धर्मादाय संस्थाही ‘सार्वजनिक न्यास’ या व्याख्येत आल्या, म्हणून आपल्याकडे संस्थेला दुहेरी नोंदणी असते.

१९५० च्या याच कायद्याचे कलम २२ म्हणजे बदल अर्ज. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज वेगळा. सोबत सभेची नोटीस, ती पोचल्याची पोच, हजेरी, ठराव, नव्यांची संमतीपत्रे, जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले. उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त चौकशी करून आदेश देतात. तो पटला नाही तर कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील आणि पुढे कलम ७२ खाली जिल्हा न्यायालय.

१८६० च्या यादीची जागा अशी चौकशीने घेतली, आणि वादाच्या प्रकरणात ती हवीच. लोकांच्या देणगीवर उभ्या मालमत्तेची सही कुणाच्या हातात जाते, हे तपासायलाच हवे. पण जिथे कुणाचाच विरोध नाही, तिथेही अर्ज पडून राहतो. मागचा निकाल लागायच्या आत पुढची निवडणूक येते आणि अर्जावर अर्ज साचतात. निवड झाली की विश्वस्त कामाला लागू शकतात, नोंद ही आधीच झालेल्या बदलाची असते, असे उच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण बँकेच्या खिडकीवर त्याचा उपयोग होतोच असे नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने इथे वाट काढली. विश्वस्तांच्या नावांतला बदल १५ कामकाजी दिवसांत तात्पुरता स्वीकारता येतो आणि नोटीस काढून ३० दिवसांत हरकती मागवल्या जातात. छोट्या वाचनालयाला, वसतिगृहाला, गावच्या शिक्षण संस्थेला याचा खरा आधार आहे. मात्र हा तात्पुरता आदेश हाती पडण्यासाठी नोटीस आणि पोच हे कागद पहिल्या दिवसापासून चोख ठेवावे लागतात, आणि बहुतेक अर्ज अडतात ते नेमके त्यांच्यावरच.