ढोलीची राणी

न्यू गिनीच्या वर्षावनातले दोन पोपट. एक हिरवागार, चोच नारिंगी. दुसरा लालभडक, पोटावर निळा, चोच काळीकुळीत. युरोपातल्या अभ्यासकांनी कितीतरी वर्षं या दोन वेगळ्या जाती मानल्या. हा इक्लेक्टस पोपटाचा नर आणि ही त्याचीच मादी, हे १८७४ च्या सुमारास जर्मन निसर्गअभ्यासक आडोल्फ मायर यांनी दाखवून दिलं. पक्ष्यांत भडक रंग बहुधा नराचा असतो. मग इथे मादी एवढी उठून का दिसते?

त्याचं उत्तर झाडाच्या ढोलीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कमध्येही हे पोपट राहतात. तिथल्या जंगलात जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट हाइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. अंडी घालण्याजोग्या ढोली तिथे फार थोड्या. त्यामुळे ज्या मादीला ढोली मिळाली, ती वर्षातले नऊ-दहा महिने तिथून हलत नाही. सोडली की दुसरी घुसलीच! ढोलीसाठी माद्या एकमेकींशी जिवावर उठून भांडतात. ढोलीच्या तोंडाशी बसलेली ती लाल मादी लांबूनच बजावत असते, ‘इथे मी आहे.’ ससाणा आला, तर ती आत सरकते.

नराला अशी आडोशाची सोय नाही. मादीसाठी फळं आणायला तो दिवसभर रानात हिंडतो आणि पानांत हिरवा रंग त्याला लपवतो. पण त्याच पिसांवरून अतिनील किरणंही परावर्तित होतात. पोपटांना ती दिसतात, शिकारी पक्ष्यांच्या नजरेत तितकीशी भरत नाहीत. म्हणजे मादीला तो झळाळताना दिसतो आणि ससाण्याला मात्र पानांत हरवलेला. मला या पक्ष्याची सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

एका मादीला अनेकदा तीन-चार नर भरवतात. नर आपल्या पोटातलं अन्न वर आणून तिच्या चोचीत देतो, आणि त्यातूनच ती पिल्लांना भरवते. पिल्लं बहुधा दोन.

यापुढचं वाचताना जीव कळवळतो. काही ढोलींत जोराच्या पावसाचं पाणी साचतं आणि पिल्लं बुडतात. मादी पिल्लू नरापेक्षा काही दिवस आधी उडून जातं, म्हणून तिच्या वाचण्याची शक्यता जास्त. अशा ढोलीत दोन्ही प्रकारची पिल्लं निघाली, तर आई कधी कधी नर पिल्लाला पहिल्या तीन दिवसांतच मारून टाकते. अंगावरच्या लवीच्या रंगावरून नर कोणता, हे इतक्या लवकर कळू शकतं. कोरड्या ढोलीतल्या माद्या मात्र मुलगेही वाढवतात.