कर्जमर्यादा वाढवली म्हणजे नवा खर्च मंजूर झाला?

अमेरिकेत कर्जमर्यादेवरून, म्हणजे सरकारने एकूण किती कर्ज काढावं याच्या कायदेशीर कमाल मर्यादेवरून, भांडण पेटलं की एक वाक्य हमखास फिरतं: ‘मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला उधळपट्टीची मोकळीक मिळाली.’ तसं नाही. खर्च आणि कर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, आधीच वेगळ्या कायद्यांनी ठरवते. मर्यादा वाढली की त्या कायद्यांमुळे आलेली देणी भागवायला कर्ज काढता येतं, इतकंच. वाण्याकडून महिनाभर किराणा उधारीवर आणायचा आणि एक तारखेला ‘आता काटकसर’ म्हणत हात वर करायचे, यात वाचत काहीच नाही, पत मात्र जाते. २०११ मध्ये तडजोड अगदी काठावर, २ ऑगस्टला झाली. तरी तीनच दिवसांत पतमानांकन संस्था एस अँड पीने अमेरिकेचं ‘एएए’ हे सर्वोच्च मानांकन उतरवलं.

भूमिका तर खुर्चीप्रमाणे बदलतात. २००६ मध्ये सिनेटर ओबामांनी वाढीविरुद्ध मत दिलं, अध्यक्ष झाल्यावर तीच वाढ मागितली. (आधीचं मत चुकलं, हे त्यांनी नंतर कबूलही केलं.)

संतुलित अर्थसंकल्पाची घटनादुरुस्ती, म्हणजे सरकारने उत्पन्नापेक्षा जास्त खर्च करू नये असं घटनेतच लिहिणं, हा कर्जमर्यादेहून वेगळाच प्रस्ताव. १९९७ मध्ये सिनेटमध्ये (संसदेच्या वरिष्ठ सभागृहात) त्याला ६६ मतं मिळाली, हवी होती ६७. गंमत म्हणजे १९९८ चा अर्थसंकल्प दुरुस्तीशिवायच शिलकी निघाला.